सगळे खेळ खेळणारा मार्कर

लुआन्श्या या खाणीच्या गावातल्या क्लबात बा सांपांनी एकतीस वर्षं मार्करची नोकरी केली, आणि एकतीस वर्षांत एकदाही कुणाला "हा खेळ मला येत नाही" असं म्हटलं नाही. हा त्यांचा मोठेपणा की खोड, यावर गावात दोन तट आहेत. त्यांची बायको बाना चोला ही दुसऱ्या तटाची पुढारी.

मार्करचं काम तसं सोपं. सकाळी बिलियर्ड्सच्या टेबलाच्या हिरव्या कापडावरून ब्रश फिरवायचा, क्यूच्या लांब काठ्या पुसायच्या, खडू ठेवायचे, आणि खेळ सुरू झाला की खणखणीत आवाजात स्कोर पुकारत भिंतीवरच्या फळीचा काटा सरकवायचा. एखादा मेंबर एकटाच आला तर त्याच्याशी खेळायला उभं राहायचं. तो म्हणेल तो खेळ. सर्व्हेयर साहेबांना तीन बॉलचं जुनं बिलियर्ड्स लागायचं, शाळेतल्या बाईंना स्नूकर. पगाराच्या शुक्रवारी येणाऱ्या टोळक्याला प्रत्येकी तीन जीव देऊन खेळतात तो गोंधळ हवा असायचा. सरहद्दीपलीकडून, काँगोतून येणारे व्यापारी तर पॉकेट नसलेलं टेबल मागायचे. आता पॉकेट नसलेलं टेबल कुठून आणणार? बा सांपा सहाही पॉकेटांत जुनी वर्तमानपत्रं कोंबायचे आणि म्हणायचे, "या, सुरू करू."

या नोकरीचे दोन अलिखित नियम होते. एक, मेंबराला हरवायचं नाही, पण मुद्दाम हरतोय असंही दिसू द्यायचं नाही. दोन-तीन गुणांनी मागे राहायचं. दुसरा, स्कोर पुकारायचा तो मेंबरचा. मार्करने आपला काटा गुपचूप सरकवायचा, तोंडातून अवाक्षर नाही. बा सांपांनी हजारो गुण असे मुक्याने सरकवले असतील.

आणि मार्करला स्पर्धेत भाग घेता येत नसे. क्लबच्या भिंतीवर मुकव्याच्या लाकडाच्या तीन उंच पाट्या होत्या: बिलियर्ड्सची, स्नूकरची आणि पूलची. त्यांवर वर्षावर्षाच्या विजेत्यांची सोनेरी नावं. दर सोमवारी बा सांपा शिडीवर चढून त्या पाट्या पुसायचे. सगळी नावं त्यांना पाठ होती. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी घडाघडा म्हटली असती. स्वतःचं नाव त्यांत असावं असं त्यांना फार वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण बाना चोलाला न सांगता कळलं होतं. पाटी पुसून आले की त्या दिवशी ते जेवताना गप्प असायचे.

जूनमध्ये ते निवृत्त झाले. कमिटीने निरोपाला भिंतीवरचं घड्याळ न देता चक्क क्लबचं सभासदत्व दिलं. म्हणजे आता स्पर्धेत उतरता येणार! त्याच सभेत दुसरीही गोष्ट ठरली. पाट्या भरत आल्या होत्या, प्रत्येकीवर शेवटची एकच ओळ उरली होती. नव्या पाट्या करायच्या नाहीत, पुढच्या वर्षापासून नावं कॉम्प्युटरात ठेवायची, असा ठराव झाला. कॉम्प्युटरातलं नाव कुणी शिडी लावून पुसतं का? बा सांपांच्या दृष्टीने नाव लागायचं तर ते याच ऑक्टोबरात, नाहीतर कधीच नाही.

"मग एक खेळ धरा," बाना चोला म्हणाली. ती अंगणात शेंगदाणे सोलत होती. "चार महिने आहेत. स्नूकर धरा. ती टीचर म्हातारी झालीय, चष्मा पुसण्यातच तिचा अर्धा वेळ जातो."

"स्नूकर धरायचं तर बिलियर्ड्सचं काय?"

"त्याला काय पोटगी द्यायचीय? सोडून द्या!"

"आणि पूल?"

"अहो, नाव एका पाटीवर लागलं तरी मी साऱ्या चर्चला चिकन घालीन. तुम्ही तिन्ही पाट्यांवर डोळा ठेवलात तर शेंगदाण्यावर भागवा."

बा सांपांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन तिन्ही स्पर्धांत नाव घातलं. कुठल्याच खेळाला नाही म्हणायची सवय नव्हती, ती चार महिन्यांत कुठून लागणार?

याचा सर्वांत जास्त आनंद झाला तो जेरेला. जेरे लोखंडी फाटकं बनवायचा आणि पूल खेळायचा. पूल म्हणजे फक्त पूल. लाल आणि पिवळे बॉल, शेवटी काळा. तोही फक्त क्लबच्या व्हरांड्यातल्या त्या एका टेबलावर. आतल्या मोठ्या टेबलाला त्याने उभ्या जन्मात बोट लावलं नव्हतं. पाटीवर त्याचं नाव सात वेळा होतं, आणि सातही वेळा बा सांपांनीच ते पुसून चकाकवलं होतं.

सांपा बेंबा जमातीचे, जेरे न्गोनी जमातीचा. पणजोबांच्या काळात या दोन जमाती एकमेकींच्या जिवावर उठल्या होत्या. लढून दमल्यावर ठरलं, की यापुढे फक्त चेष्टा करायची. त्या नात्याच्या माणसाला चिंबुया म्हणतात. चिंबुयाने काहीही बोलावं, तुमच्या ताटातला मासा उचलावा, तुमच्या घरच्या मयताला येऊन शवपेटीशी थट्टा करावी. तुम्ही रागवायचं नाही आणि त्याने केलेली चेष्टा पुसून टाकायची नाही. जो रागावला तो सगळ्यांच्या हसण्याचा धनी.

"ए माकडखाऊ," जेरे फाटकातूनच ओरडला, "तीन-तीन खेळ? तुमच्या लोकांना एका फांदीवर बसवतच नाही वाटतं?"

"तू बिळातून बाहेर ये आधी, उंदीरखाऊ," बा सांपा म्हणाले. "एकच बीळ, एकच वाट. आयुष्यभर तेच टेबल. कंटाळा नाही येत?"

"कंटाळा? अरे, त्या टेबलाचा उजवा कोपरा किती उतरता आहे ते मला माझ्या बायकोच्या स्वभावापेक्षा जास्त ठाऊक आहे. तुला सगळं ठाऊक, म्हणून तुला काहीच ठाऊक नाही."

"मला सर्व्हेयर साहेबांशी बोलता येतं, टीचरशी बोलता येतं, काँगोवाल्यांशी बोलता येतं. तुला कुणाशी येतं?"

"मला कशाला बोलायचंय? मी जिंकतो."

बा सांपांनी जेरेच्या वशिंडासारख्या पोटावर टीका करून वेळ मारून नेली.

ऑक्टोबर उजाडला. आंबे अजून हिरवे, आणि ऊन असं की पत्र्यावर मासोळ्या वाळाव्यात. काय नशीब बघा, सांपा तिन्ही स्पर्धांत शेवटपर्यंत पोचले! गावात कधी असं झालं नव्हतं. तिन्ही अंतिम सामने एकाच शनिवारी होते: सकाळी बिलियर्ड्स, दुपारी स्नूकर, चहानंतर पूल. बाना चोला डोक्याला चर्चचा निळा रुमाल बांधून पहिल्या रांगेत येऊन बसली. कोंबडीची किंमत तिने आदल्या दिवशीच विचारून ठेवली होती.

बिलियर्ड्समध्ये समोर सर्व्हेयर साहेब. बावीस वर्षं बा सांपा त्यांच्याशी दोन-तीन गुणांनी हरत आले होते. हात काय करणार? ऐन शेवटी सोपा बॉल आला आणि हाताने तो सवयीने केसभर बाजूने घालवला. तीन गुणांनी हरले. सर्व्हेयर साहेब खूश होऊन म्हणाले, "छान झाला सामना, नेहमीसारखा!"

स्नूकरला शाळेतल्या टीचर. चष्मा पुसत पुसत त्यांनी बा सांपांना घाम फोडला. शेवटच्या दोन बॉलवर बा सांपा पुढे होते, आणि तेवढ्यात ते स्वतःच उभे राहून म्हणाले, "फाऊल. माझी बाही गुलाबीला लागली." कुणीही पाहिलं नव्हतं. टीचरनी तर नाहीच, त्यांचा चष्मा तेव्हा हातात होता. पण मार्करने पाहिलं होतं, आणि तो मार्कर नेमका खेळाडूच्याच अंगात होता. तिथेही हरले. बाना चोलाने डोळे मिटून घेतले.

चहानंतर व्हरांड्यात माणूस मावेना. जेरेविरुद्ध पाच गेमचा सामना. जेरेने पहिले दोन घेतले; बा सांपांनी पुढचे दोन घेतले, आणि तेही कसे! काँगोवाल्यांकडून शिकलेले दोन-दोन कडांवरून फिरवायचे फटके, स्नूकरमधली लपवाछपवी, शुक्रवारच्या टोळक्याची बेधडक ठोकाठोक. जेरेला त्याच्याच टेबलावर रस्ता सापडेना. पाचव्या गेमला जेरेचा एक पिवळा उरला आणि बा सांपांचा फक्त काळा. तो काळाही कुठे, तर उजव्या कोपऱ्यातल्या पॉकेटच्या अगदी ओठावर. नुसती फुंकर घातली तरी पडेल असा.

जेरेने आपली क्यू भिंतीला टेकवली. "घे," तो म्हणाला. "घे, माकडखाऊ. लाव एकदाचं नाव."

बाना चोला उभी राहिली. बा सांपा वाकले. त्यांच्या मनात काय होतं ते सांगता येतं: काहीच नव्हतं. इतका सोपा फटका, मनाने सुट्टीच घेतली आणि काम हातांवर सोपवलं. हात सकाळपासून काय काय खेळले होते! त्या हातांनी मारायच्या पांढऱ्या बॉलला असा सुंदर, मऊ, पुढे ओढणारा फटका दिला की काळा पॉकेटमध्ये गेला आणि त्याच्यामागोमाग पांढराही गेला. खट्, खट्.

बिलियर्ड्समध्ये या फटक्याला तोड नाही. बॉल पाडल्याचे तीन, आपलाही आत गेल्याचे तीन, एकूण सहा. पूलमध्ये काळ्याबरोबर पांढरा गेला की सामना गेला.

"वाहवा! सहा!" सर्व्हेयर साहेब टाळ्या वाजवत ओरडले. त्यांना दुसरा खेळ माहीतच नव्हता.

आणि बा सांपांनी काय करावं? ताठ झाले, शांतपणे दारातून आत गेले, मोठ्या टेबलाच्या स्कोरच्या फळीवर आपला काटा सहा घरं पुढे सरकवला. अगदी गुपचूप. अवाक्षर न काढता. काटा सरकवला आणि मग त्यांना कळलं, की हा पूलचा सामना होता.

व्हरांडा हसून फुटला. जेरे तर हसता हसता जमिनीवर बसला. मग त्याने दारातून आत पाहिलं. बा सांपा फळीकडे तोंड करून उभे होते आणि काट्यावरचं बोट काढत नव्हते. जेरेचं हसू तिथल्या तिथे विरलं.

रविवारी बाना चोलाने बा सांपांच्या आवडीच्या सुक्या अळ्या टोमॅटो घालून केल्या, मक्याच्या पिठाच्या उन्शिमाचा मोठा गोळा वाढला. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बोल ना काहीतरी," बा सांपा म्हणाले.

"काय बोलू? तिन्ही खेळ तुम्हाला छान येतात."

"तू म्हणालीस तसं एकच धरायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. मग त्यांच्या ताटात आणखी वाढत, "पण मग तुम्ही तुम्ही राहिला नसतात. घ्या, अळ्या गार होतायत."

सोमवारी सकाळी जेरे फाटकात हजर. हातांना सोनेरी रंग. "चल रे, पाट्या कोण पुसणार? नवीन मार्करला शिडीची भीती वाटते."

"मी निवृत्त झालोय."

"चिंबुया म्हणतोय चल. रागावलास?"

रागावलो म्हणायची सोय नव्हती. बा सांपांनी फडकं घेतलं.

क्लबात रंगाचा वास होता. विजेत्याने आपली ओळ आपण रंगवून घ्यायची अशी तिथली रीत. जेरेने ती स्वतः रंगवली होती, आणि साहेबांच्या आणि टीचरच्या पाया पडून त्यांच्या ओळीही त्यानेच मागून घेतल्या होत्या. बा सांपांनी वर पाहिलं. पूलच्या पाटीवर, शेवटच्या ओळीत: जेरे, सांपाला हरवून. स्नूकरच्या पाटीवर: टीचर नामुकोलो, सांपाला हरवून. बिलियर्ड्सच्या पाटीवर सर्व्हेयर साहेबांचं लांबलचक नाव, आणि जागा पुरेना म्हणून बारीक अक्षरांत: सांपाला हरवून.

बा सांपा एकदा या पाटीकडे, एकदा त्या पाटीकडे बघत राहिले.

"चेष्टा आहे," जेरे म्हणाला. "चिंबुयाची. तुला पुसता येणार नाही, तुझ्या पोराला येणार नाही, कमिटीला तर नाहीच नाही. हा क्लब पडेपर्यंत लोक वाचणार की सांपा हरला."

"नालायक आहेस तू."

"आहेच. आता सांग, साहेबांचं नाव किती पाट्यांवर?"

"एका."

"टीचरचं?"

"एका."

"माझं, आठ वेळा जिंकलेल्या माणसाचं?"

"एकाच."

"मग तुझं किती? मोज. मार्कर होतास ना? मोठ्याने."

बा सांपांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. मग ते फळीजवळ नेहमी उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले, आणि एकतीस वर्षांत जो कधी पुकारला नव्हता तो स्कोर त्यांनी साऱ्या क्लबला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारला.

"सांपा, तीन!"

मग ते शिडीवर चढले. "स्नूकरच्या पाटीवर रंग ओघळलाय," ते वरून म्हणाले. "उंदीरखाऊच्या हातात ब्रश दिला की असंच व्हायचं." आणि त्यांनी फडक्याच्या टोकाने तो ओघळ हळूच टिपला, नावाला धक्का लागू दिला नाही.

पुढच्या रविवारी बाना चोलाने साऱ्या चर्चला चिकन घातलं. तीन पाट्यांचं म्हणून तीन कोंबड्या. जेरेने एकट्याने एक खाल्ली.