पेन्सिल धरायची रीत

मुलीच्या कंपासपेटीत ती रबरी वस्तू अजून पडून आहे. निळी, मऊ, चिकूच्या बीपेक्षा थोडी मोठी. तिला दोन खोबणी आहेत. एकीत अंगठा जातो, दुसरीत पहिलं बोट, आणि मधल्या भोकातून पेन्सिल खाली उतरते. मुलांना पेन्सिल नीट धरायची सवय लागावी म्हणून ती बोटांत घालतात. दुकानात तिला ग्रिप म्हणतात. मुलीला आता तिची गरज उरलेली नाही. तरी ती टाकत नाही, आणि मीही टाक म्हणत नाही.

ती मी आणली तेव्हा माझे वडील आमच्याकडे पुण्यात बिबवेवाडीत राहायला येऊन वर्ष होत आलं होतं. आम्ही सगळेच त्यांना आबा म्हणतो. आई गेल्यावर त्यांना गावी एकट्यानं करमेना. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी धान्याच्या बाजारात त्यांनी सगळं आयुष्य पोती शिवली. पोतं भरलं की त्याचं तोंड सुतळीनं बंद करायचं, हे त्यांचं काम. दाभण मुठीत धरायचं, वरून अंगठा दाबायचा आणि तळव्याला बांधलेल्या चामड्याच्या तुकड्यानं ते आरपार ढकलायचं. त्या हाताला दुसरी पकड ठाऊकच नव्हती.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. कर्वेनगरमधल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात नोकरी करतो. मुलांचे अर्ज तपासायचे आणि पालकाची सही राहिली असेल तर परत पाठवायचे, असं माझं काम. मी इथवर आलो तो आबांच्या कष्टांमुळे, आणि त्यांच्या सहीमुळेही. ती सही कुठून आली ते सांगायला हवं.

सहावीपर्यंत माझ्या प्रगतिपुस्तकात पालकाच्या सहीच्या जागी निळा अंगठा असायचा. शेजारी वर्गशिक्षक लिहायचे, ‘डाव्या हाताचा अंगठा’. वर्गात माझ्यासारखी आणखी दोघंतिघं होती, तरी मी ते पुस्तक दप्तरात पालथं ठेवायचो. एकदा मीच आबांच्या नावाची सही ठोकून दिली. सरांनी ओळखली. मधल्या सुट्टीत त्यांनी मला थांबवलं, पण मारलं नाही. म्हणाले, "वडिलांचं नाव तुला चांगलं लिहिता येतं की. मग त्यांनाच शिकव. चोरून कशाला?"

त्या सरांचे उपकार मी विसरलेलो नाही.

मग पंधरा दिवस आबा कामावरून आले की हातपाय धुऊन पाटी घ्यायचे. पाटीवरची पेन्सिल त्यांनी दाभणासारखीच धरली, मुठीत, वरून अंगठा दाबून. मी अकरा वर्षांचा. बोटं कशी ठेवायची हेही शिकवायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. पुढच्या प्रगतिपुस्तकावर त्यांनी सही केली ती इतकी दाबून, की पान उलटलं तरी मागून बोटाला लागायची. मी ती पुन्हा पुन्हा चाचपून पाहिली होती. दहावीचा फॉर्म, पुण्यातला प्रवेश, वसतिगृहाचा अर्ज, सगळ्यांवर तीच सही आहे.

पुण्यात आल्यावर आबांना दुसरी मास्तरीण मिळाली. माझी मुलगी तेव्हा पहिलीत गेली होती. दुपारी शाळेतून आली की ती टीपॉयपाशी बसायची आणि शेजारी आबांना बसवायची. आपली एक पेन्सिल आणि एक दुरेघी वही तिनं त्यांना दिली होती. तिला जो गृहपाठ असेल तोच ती त्यांना द्यायची आणि लाल पेन्सिलीनं तपासायची. सहीपुरती चार अक्षरं येणारे आबा दिवाळीपर्यंत मुळाक्षरांतून आणि काना-मात्रेतून बाहेर पडले. एक दिवस बसथांब्यावर त्यांनी माझा दंड धरला आणि समोरून येणाऱ्या बसची पाटी एकेक अक्षर करत वाचली, "बि-ब-वे-वा-डी. आपलीच हाय."

मग मुलीच्या वर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तिचं लिहिणं पुरं होत नाही. पेन्सिल मुठीत धरते आणि कागद फाटेल एवढी दाबते. बोट दुखतं म्हणून परवा रडली. घरी कोणी असं धरतं का?"

मी मुलीच्या वहीचं पान उलटून बोट फिरवलं. अक्षरं मागून हाताला लागत होती.

बाईंनीच ग्रिप वापरून बघायला सांगितलं. शनिवारी मी बुधवार पेठेत एका स्टेशनरीच्या दुकानात गेलो.

"पेन्सिलीला लावायची ग्रिप आहे का?"

"उजवी की डावी?" दुकानदारांनी हिशेबाच्या यंत्रातून मान वर न काढता विचारलं.

"म्हणजे?"

"मूल कोणत्या हातानं लिहितं ते माहीत असेलच. वडील आहात म्हणून विचारतोय."

"उजव्या."

त्यांनी एक पाकीट पुढे टाकलं. मी विचारलं, "यानं अक्षर सुधारतं का?"

"अक्षर मूल सुधारतं. हे नुसतं बोटं जागेवर ठेवतं." मग जरा थांबून म्हणाले, "मोठ्या मापातही येते. दाखवू?"

"मोठ्यांना काय करायची आहे?" मी हसून म्हणालो.

"मोठी माणसंही लिहितात, साहेब. काही काही."

मी ते पुण्याचं बोलणं म्हणून सोडून दिलं आणि एकच पाकीट घेऊन घरी आलो.

घरी दोघं टीपॉयपाशीच होती. आबांनी ग्रिप हातात घेऊन फिरवून पाहिली. "आमच्या चामड्यागतच हाय की हे. पोत्याला ते, पेन्सिलीला हे." त्यांनी अंगठा घालून पाहिला. नखापुढे जाईना.

"आबा, तुझा अंगठा केळ्याएवढा आहे," मुलगी म्हणाली, आणि दोघं बराच वेळ हसत बसली.

मुलीनं ग्रिप घालून दोन ओळी लिहिल्या. मग ती काढून ठेवली आणि पुन्हा मूठ वळली. मी म्हणालो, "परत घाल." तिनं घातली, काढली. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला.

"आबांसारखं धरायचं नाही म्हणून सांगितलं ना? ते चुकीचं आहे."

"पण आबाची अक्षरं येतात."

"आबांचं सोड. आबांना कुठे परीक्षा द्यायची आहे? तू काही दिवस आतल्या खोलीत बसून लिही. इथे नको."

आबा समोरच होते. मी त्यांच्याकडे बघून बोललो नव्हतो, एवढंच. ते म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. जा बाळ आत. माझं बघून तुझा हात बिघडायचा." त्यांनी आपली वही मिटली. तिनं दिलेली पेन्सिल उचलून तिच्या कंपासपेटीत ठेवली आणि पेटीचं झाकण लावलं.

नंतर बायको मला म्हणाली, "अहो, ग्रिप आणलीत ते बरं केलंत. पण पोरीला आत पाठवायची काय गरज होती?"

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे," मी म्हणालो.

ग्रिपनं काम केलं, हे मान्य करायला हवं. मुलीचं बोट दुखायचं थांबलं, हात सैल झाला, बाईंनी वहीवर शेरा दिला. तीनेक महिन्यांत ती ग्रिपशिवायही नीट धरू लागली आणि वही घेऊन पुन्हा बाहेर आली. "आबा, तुझा गृहपाठ राहिलाय."

"उद्या करतो."

उद्या विचारलं की, "आज डोळं चुरचुरत्यात." परवा विचारलं की ते मार्केट यार्डाकडे फिरायला निघालेले असायचे. परत आले की सांगायचे, "आता सगळी पोती मशीननं शिवत्यात. माणूस नुसता पोतं धरून उभा ऱ्हातो." मला वाटलं, त्यांचं मन लिहिण्यातून उडालं. म्हातारी माणसं कंटाळतात. मी मुलीच्या अक्षरावर खूश होतो.

डोळे खरंच चुरचुरत होते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रियेच्या दिवशी सिस्टरनं संमतीचा कागद पुढे ठेवला आणि पेन दिलं. "आजोबा, इथे सही करा."

आबांनी पेन घेतलं. मी बघत होतो. त्यांनी ते मुठीत धरलं नाही. अंगठा आणि पहिलं बोट चिमटीसारखं जुळवलं आणि मधलं बोट खालून टेकवलं. मुलीला मी रोज जसं धरायला लावत होतो, अगदी तसं. म्हणजे ते लांबून सगळं बघत होते. पेन त्या बोटांत ठरेना. टोक कागदावर टेकलं आणि घसरलं, एक तिरपी रेघ उठली. त्यांनी पुन्हा बोटं जुळवली. मग पेन कागदावर आडवं ठेवलं.

"ताई, शाई हाय का? अंगठा घ्या."

"आबा, तुम्हाला सही येते," मी म्हणालो. "नेहमीसारखी करा."

"न्हेमीची चुकीची हाय न्हवं ती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी सांगितलेलंच ते मला सांगत होते. सिस्टर शाईचं पॅड घेऊन आली. अंगठा उमटला. तिनं कागद माझ्याकडे सरकवला. "तुम्ही मुलगा ना? शेजारी लिहा, डाव्या हाताचा अंगठा, आणि खाली तुमची सही करा."

मी लिहिलं. आमच्या सरांच्या हातचे हेच शब्द मी दप्तरात पालथे घालून ठेवायचो. आता ते माझ्या हातचे होते, वळणदार.

आबांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं असावं. म्हणाले, "वाईट काय वाटायचं त्यात? तुझी सही हाय की शेजारी."

शस्त्रक्रिया चांगली झाली. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा बुधवार पेठेत गेलो आणि मोठ्या मापाची ग्रिप घेऊन आलो. दुकानदारांनी या वेळी काही विचारलं नाही. ती ग्रिप अजून माझ्या कार्यालयातल्या खणात आहे. ती आबांच्या हातात द्यायची म्हणजे तुमचं धरणं चुकतं, हे पुन्हा एकदा सांगायचं. ते मला जमलं नाही.

ग्रिपऐवजी मी त्यांची वही शोधली. मुलीच्या जुन्या पुस्तकांखाली सापडली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर वर मुलीच्या अक्षरात मथळा होता, ‘माझी नात. पाच ओळी लिहा.’ खाली आबांचं दाबून काढलेलं मोठं अक्षर.

१. माझी नात पहिलीत आहे.
२. तिला पोहे आवडतात.

पुढे ३, ४ आणि ५ हे आकडे आधीच घालून ठेवलेले होते. त्यांच्यासमोर काही नव्हतं. ग्रिप आणली त्या दिवशी मिटलेलं पान हेच.

डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली त्या रविवारी मी ती वही आबांसमोर ठेवली. "आबा, तीन ओळी राहिल्यात."

त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. नव्या डोळ्यानं ते पान ते पहिल्यांदाच बघत होते. बोट ओळीवरून फिरवत म्हणाले, "लई वाकडं हाय रे. तवा दिसत न्हवतं."

"वाचता येतं ना? मग झालं. तुमच्या पद्धतीनं धरा आणि लिहा. त्या दिवशी मी चुकलो, आबा."

"तू कशाला चुकतोस? तू शिकलेला." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "तू लिही. मी सांगतो."

मी थोडा आग्रह केला. आणखी करायला हवा होता. पण ते सांगू लागले, आणि मी लिहू लागलो.

"ती मला शिकवते." माझं लिहून होईपर्यंत ते थांबले. "ती रागवत न्हाई." पुन्हा थांबले. "मोठी झाली की ती बाई होणार हाय. तीच म्हणती तसं."

मी तिन्ही ओळी लिहिल्या. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात.

संध्याकाळी मुलगी खेळून आली. वही उघडी बघून तिला आनंद झाला. हात न धुताच लाल पेन्सिल घेऊन बसली. पहिल्या ओळीसमोर चांदणी काढली, दुसऱ्या ओळीसमोर काढली. तिसऱ्या ओळीपाशी थांबली.

"हे कुणी लिहिलं?"

"तुझ्या बाबानं," आबा म्हणाले. "म्या सांगितलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबा, दुसऱ्याचा गृहपाठ करायचा नसतो. बाई ओरडतात."

माझ्या ओळींना तिनं चांदण्या दिल्या नाहीत. त्यांच्याखाली ‘पुन्हा लिहा’ असा शेरा मारला, नव्यानं ३, ४, ५ घातले, आणि आपल्या कंपासपेटीतून ती जुनी पेन्सिल काढून वहीच्या घडीत ठेवली. आबा हसून म्हणाले, "उद्या करतो."

त्याला आता महिना होऊन गेला. वही टीपॉयवरच असते. कार्यालयातून आलो की मी आधी ते पान उघडून बघतो.