क्लिनिकमधलं डोहाळजेवण

पाकीट सरकारी आहे हे वरूनच कळलं आणि मी ते उभ्याउभ्याच फोडलं. आम्ही तेव्हा अमेरिकेतल्या ट्रॉय शहरात होतो. ह्यांचं छोटंसं क्लिनिक होतं, बँकेच्या कर्जावर उभं केलेलं, आणि पुढच्या काउंटरचा कारभार मी बघायचे. आमच्या आधीच्या रिसेप्शनिस्टने तक्रार केली होती. ती गरोदर होती म्हणून आम्ही तिला कामावरून काढलं म्हणे!

काढलं? मी? अहो, त्या पोरीचं डोहाळजेवण केलं होतं मी!

पंचविशीची गोरी मुलगी. नवऱ्याची कारच्या कारखान्यातली नोकरी गेलेली. तिला दिवस गेल्याचं कळल्यापासून मी तिला फायलींचं खोकं उचलू दिलं नाही. खुर्चीत उशी ठेवली, कामाचे तास कमी केले. "घरी जा, पाय वर करून पड," हे माझं रोजचं पालुपद. सातव्या महिन्यात इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना वेटिंग रूममध्ये बोलावलं. तिला माझी हिरवी साडी नेसवली, फुलांची वाडी घातली, ओटी भरली, फोटो काढले. माझ्या वेळी या देशात मला कोण होतं? तिला तरी मिळू दे, असं वाटलं. निघताना तिला म्हटलं, "आता काम पुरे. सोमवारपासून दुसरी बाई येणार आहे." ती हसली. मला तरी ती हसलीच असं वाटलं.

बदलीची बाई चांगली निघाली आणि टिकली. बाळंतपणानंतर या पहिल्या मुलीने बेकारी भत्ता मागितला, तेव्हा भत्त्याच्या सरकारी ऑफिसने आम्हाला विचारलं, ती का गेली. ह्यांनी कळवलं, ती स्वतःहून गेली. आम्हाला ते खरंच वाटत होतं हो! तिचा भत्ता नाकारला गेला आणि मग ही तक्रार आली.

त्यानंतरचे दिवस मी आजही विसरलेले नाही. हे रोज रात्री कर्जाचे कागद काढून बसायचे. एकदाच म्हणाले, "लायसन्स गेलं तर?" मंडळातल्या एका काकांनी फोनवर धीर देण्याऐवजी, "डिस्क्रिमिनेशनची केस म्हणजे वाट लागते यार," असं ऐकवलं. घ्या! क्लिनिकचं दार उघडलं की आधी हातात सरकारी पाकीट आहे का ते बघायचे, पेशंट आला तरी. आमची लेक एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "मॉम, आर वी गोइंग बॅक टु इंडिया?" मी तिच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

वकील मात्र डोहाळजेवणाचा फोटो बघून खूश झाला. म्हणाला, हा हुकमाचा एक्का आहे. विचारतील तेवढंच बोला, आणि थोडक्यात.

सरकारी ऑफिसातली चौकशीची खोली बिनखिडकीची होती. समोर ती बसली होती, बाळाला नवऱ्याकडे ठेवून आलेली. वकिलाने फोटो पुढे सरकवला. तिने पर्समधून तोच फोटो काढला. मीच दिला होता तिला, फ्रेम करून.

"हाच तो दिवस," ती म्हणाली. "सगळ्या हसत होत्या. मला वाटलं, पार्टी आहे. मग कळलं, मला निरोप देतायत. घरात माझाच एकटीचा पगार येत होता. मला कोणी विचारलंच नाही."

तिचा आवाज कापत होता. तीही घाबरलेली असेल, हे तोवर माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

चौकशी करणारी अधिकारी बाई माझ्याकडे वळली. "तुम्हाला मूल झालं, तेव्हा तुम्ही नोकरीत होता?"

"हो. एका स्टोअरच्या पॅकिंगमध्ये."

"कधीपर्यंत?"

"नववा लागेपर्यंत."

"तिथे कोणी काळजी घेतली तुमची?"

"त्यांना माहीतच नव्हतं. मी ह्यांचा ढगळ स्वेटर घालून जायचे."

वकिलाने टेबलाखाली माझा पाय दाबला.

"का लपवलंत?"

"काढून टाकतील म्हणून."

बोलून गेले आणि मग मलाच ऐकू आलं. ह्यांनी मान खाली घातली. वकिलाने पेनाला टोपण लावलं. ती समोरून माझ्याकडे बघत राहिली, आणि मला तिच्या नजरेला नजर देता येईना.

तिथेच तडजोड झाली. बुडालेला पगार आम्ही भरायचा आणि तिला तिची जागा परत द्यायची. क्लिनिक वाचलं. पण कुणा बाईला "घरी जा, आराम कर" म्हणायची माझी आजतागायत छाती झालेली नाही.

ती परत आली त्याच दिवशी फायलींचं खोकं आलं. माझे हात सवयीने पुढे झाले. मी ते मागे घेतले.

"उचलशील?" मी विचारलं.

"हो," ती म्हणाली, आणि तिने ते उचललं.