चाचांनी भरलेले तास

बोलणारी माणसं लातुरात पैशाला पासरी मिळतात. अख्खं शहर शिकवण्यांवर चाललेलं, त्यामुळे गल्लोगल्ली कुणी ना कुणी फळ्यापुढे उभा राहून घसा कोरडा करत असतो. ऐकणारा माणूस मात्र मी जन्मात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे कॅसेटवाले चाचा. त्यांच्या दुकानाच्या जागी आता झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंग चालतं, तरी नाव तेच राहिलं. त्या काळी लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि चाचा कोऱ्या कॅसेटवर ती गाणी ‘भरून’ द्यायचे. रेकॉर्डिंग हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. साठ मिनिटांची कॅसेट भरायची तर साठ मिनिटं समोर बसून ऐकायची, हा त्यांचा नेम. त्यामुळे कव्वाल्या, भजनं, लग्नातली भाषणं, पुढाऱ्यांच्या सभा असं सगळं त्यांच्या पोटात गेलेलं. एका कीर्तनकारबुवांना त्यांनी भर रस्त्यात अडवलं होतं. म्हणाले, “बुवा, परवाचा दृष्टान्त तुमच्या गुरूनं बी सांगितलेला हाय. पर तेच्यात शेवटी म्हैस मरत न्हाई.” बुवांनी तो रस्ताच सोडला.

आवाज कुठून येतो याची त्यांना भारी उत्सुकता. आमच्या नव्या फ्रिजला ते पाच मिनिटं कान लावून उभे होते. “ह्येला सर्दी झाली,” असं निदान केलं, आणि आठ दिवसांत मेकॅनिकही तेच वेगळ्या शब्दांत सांगून गेला.

माझी भाची इस्लापूरची. डॉक्टर व्हायचं म्हणून लातूरच्या एका क्लासला आली आणि ऐन वर्षात कावीळ घेऊन परत गेली. क्लासच्या सरांनी घरबसल्या तास बघायची सोय करून दिली खरी, पण तिच्या घरी नेट म्हणजे देव भेटावा तसं. तास उतरवून घेता येत नसे आणि चोवीस तासांत तो पुसलाही जाई. सर म्हणाले, “आवाज कसा टिपायचा ते तुम्ही बघा, माझी हरकत नाही.” छापील नोट्स तिच्याजवळ होत्याच. आता लॅपटॉपमधून येणारा आवाज पेन ड्राइव्हवर घालून पाठवला की काम होणार होतं. पोरीचं वर्ष त्यावर टांगलेलं. मी चाचांना गाठलं.

पहिले दोन तास त्यांनी लॅपटॉपपुढे मोबाइल ठेवून भरले. इमारतीत कर्फ्यू लागला. चाचींना कुकर लावायची बंदी, माझ्या नवऱ्याला शिंकायची. तरी भाचीचा फोन आलाच, “मावशी, पेशीविभाजन चालू असताना कुणीतरी मेथी विकतंय.” शेवटी मी शिकवते त्या शाळेतल्या संगणकाच्या सरांनी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये बंद पडून असलेली एक सोय सुरू करून दिली. आता लॅपटॉप स्वतःचा आवाज आतल्या आतच टिपू लागला. चाचा थक्क झाले. “म्हंजे ह्येला सोताचा कान हाय! अन् कंपनीनं तो बंद करून ठिवला? ही कोन्ती शराफत?”

मी म्हटलं, “आता समोर बसायचीही गरज नाही. लावून द्या आणि खुशाल फिरून या.”

“न्हाई बेटा. कुनीच ऐकलं न्हाई, तर भरलं कशावरून?”

मग त्यांनी कारण सांगितलं. भूकंपाच्या आदल्या वर्षी एक शेतकरी आपल्या लेकीची कॅसेट घेऊन आला होता. पोरगी त्यात पाढे म्हणत होती. चाचांनी तिची दुसरी प्रत भरायला लावली आणि ते चहाला गेले. भूकंपात पोरगी गेली, घरासोबत मूळ कॅसेटही गेली. बाप दुसरी प्रत घेऊन दुकानात आला. ती कोरी होती. चाचा म्हणाले, “कॅसेट माझ्या हातात ठिवली अन् गेला.”

तर चाचा रोज कानाला हेडफोन लावून तास ऐकू लागले. मूत्रपिंडावर तर इतका जीव जडला, की डॉक्टरांकडे रक्तदाबाची गोळी आणायला गेले आणि त्यांनाच चार गोष्टी सांगून आले. मग दुबईच्या जावयाने बिनवायरचा हेडफोन पाठवला. तो लावून त्यांनी परीक्षेआधीच्या उजळणीचे शेवटचे दोन तास मन लावून ऐकले. चार दिवसांनी इस्लापूरहून फोन आला. दोन्ही कोरे होते. आवाज थेट नव्या हेडफोनात गेला होता, लॅपटॉपच्या आतल्या कानापर्यंत पोचलाच नव्हता. क्लासच्या सरांकडचे तासही पुसले गेले होते.

चाचा खाटेवर बसले ते बसलेच. मला त्यांच्याकडे बघवेना. मग म्हणाले, “मी ऐकलंय की. मी सांगतो. पर तू समोर बस. ऐकनारं मानूस पायजे.”

मी लॅपटॉपचा माइक चालू करून समोर बसले आणि दोन तास ते बोलले. “आता सर खोकलले. आता म्हन्ले, हे हमखास येतंय, खालती रेघ मारा.” इंग्रजी नावं त्यांनी मोडून तोडून सांगितली, पण क्रम कुठेच चुकला नाही. चाची दारात कणकेच्या हाताने उभ्या. जन्मभर लोकांचे आवाज भरून देणाऱ्या या माणसाचा आवाज कुठेच भरलेला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. तो पेन ड्राइव्ह मी त्याच दिवशी इस्लापूरवरून किनवटला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाजवळ दिला.

भाची आता नांदेडला डॉक्टरकी शिकतेय. चाचांना हल्ली कमी ऐकू येतं. परवा मी लॅपटॉपवर राहिलेले त्यांच्या आवाजातले ते दोन तास काढून मोठ्या आवाजात लावले, तर काठी टेकत वर आले आणि लॅपटॉपजवळ कान नेऊन बराच वेळ उभे राहिले.

“कोन सर हाय गं हे?” त्यांनी विचारलं. “लई जीव लावून सांगून राहिलेत.”

चेष्टा करत होते की खरंच ओळखलं नव्हतं, देव जाणे. मी त्यांना खुर्ची दिली आणि समोर बसले.