चाक कोण धरतंय?

आईचे पाय गेल्यावर ती काही महिने कागलला माझ्या बहिणीकडे होती. तिथल्या दारापुढच्या रॅम्पवरून तिची व्हीलचेअर मी सहज वर न्यायचो. कोल्हापुरात आमच्या घरी आणल्यावर मात्र तीच खुर्ची छाती लावून ढकलली तरी दारातल्या रॅम्पवर चढेना. मला संशय आला, की आईला इथं राहायचं नाही, म्हणून ती हळूच चाक धरते. ढकलताना मी वाकून तिचे हात बघायचो. एकदा तर मांडीवरची शालही ओढून काढली.

शेवटी गवंड्याला बोलावलं.

"बहिणीकडंही जोतं एवढंच उंच आहे," मी म्हणालो.

"व्हय, पण तिथला रॅम्प लांब असंल. तुमचा चार फुटांत संपलाय, पावणं. इतक्या उभ्या चढावर खुर्ची कुणाला ढकलवंल?"

त्याने रॅम्प फाटकापर्यंत लांबवला. सिमेंट वाळल्यावर खुर्ची अलगद वर गेली. मी ओशाळून आईला सगळं सांगितलं.

"चाक न्हाय धरलं म्या," ती म्हणाली. "पण यायचं मन नव्हतं, ते खरं हाय."