खंडेनवमीला धुतलेले नटबोल्ट

राजाजीनगरच्या आमच्या घरापुढं पत्र्याची शेड आहे. आधी तिथं ह्यांची स्कूटर आणि पाण्याचा ड्रम असायचा. तीन वर्षांपूर्वी तिथं गाडी आली. आली म्हणजे टेम्पोवरून उतरवली, तिला चालता येत नव्हतं. ठेंगणी, दोनच माणसांची, वर छप्पर नाही. ह्यांच्या कारखान्यातल्या जुन्या साहेबांची ती. साहेब वारले, मुलांनी बंगला पाडायला काढला आणि ह्यांना विचारलं, नेता का. हे लगेच हो म्हणाले.

"शर्यतीची गाडी आहे," मला सांगितलं.

"छप्पर कुठं गेलं हिचं?"

"असल्या गाडीला छप्पर नसतंच."

"आणि पाऊस आला म्हणजे?"

"भिजायचं," हे म्हणाले आणि हसले.

त्या हसण्यामुळं मी पुढं काही विचारलं नाही. कारखाना सुटल्यापासून आठ महिने हे कॉटवर भिंतीकडं तोंड करून पडून असायचे. कॉफी दिली की घ्यायचे, जेवण वाढलं की जेवायचे, बोलायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, शरीराला काही झालेलं नाही. मग काय झालंय ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारता आलं नाही. गाडी आली त्या दुपारी हे कॉटवरून उठले ते शेडमध्ये गेले. माणूस मुद्दाम भिजायची गाडी का आणतो हे मला कळलं नव्हतं, पण उठला हे तर दिसत होतं.

मी निपाणीकडच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. ह्यांचं घराणं कितीतरी पिढ्या इथलं, कन्नड मुलखातलं. घरात मराठी बोलतात, पण त्यात निम्मं कन्नड. लग्न होऊन आले तेव्हा मला ते समजायचं नाही म्हणून गप्प बसायची सवय लागली. पुढं समजायला लागलं, तरी सवय राहिली.

दुरुस्ती म्हणजे काहीतरी जोडणं, असं मला वाटायचं. हे तर रोज गाडी सोडवतच होते. दारं काढली, चाकं काढून भिंतीला टेकवली, इंजिन साखळीनं वर ओढून बाहेर काढलं. मग इंजिनही सोडवलं. सांगाडा लाकडी ठोकळ्यांवर उभा. जुन्या कॅलेंडरांचे कागद उलटे करून जमिनीवर पसरलेले, त्यांवर नट, बोल्ट, वॉशर, स्प्रिंगा. प्रत्येकाच्या बाजूला पेन्सिलीनं इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, बाण काढलेले. मी रोज त्या कागदांच्या कडेकडेनं झाडू मारायचे. इतकं सोडवलेलं परत गाडी कशी होणार, असं मनात यायचं. ह्यांना मात्र घाई दिसत नव्हती.

गेल्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी हे सकाळीच देवनहळ्ळीला बहिणीकडं गेले, संध्याकाळी उशिरा येणार होते. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं आणि वाहनं धुऊन पुसून पूजायची रीत आहे. सुरी, विळी, शिवणयंत्र, सगळं मी दरवर्षी करते. त्या वर्षी गाडी पुरती सोडवलेली होती, म्हणून मला प्रश्न पडला, गाडी पूजायची म्हणजे नेमकं काय पूजायचं? सांगाडा? चाकं? की जमिनीवर पडलेलं ते सगळं? विचारायला हे घरात नव्हते. फोन करून असलं विचारायची लाज वाटली. मग ठरवलं, सगळंच धुऊ. तेलकट, काळ्या वस्तू देवापुढं कशा ठेवायच्या?

मोठ्या परातीत गरम पाणी आणि भांड्यांचा साबण घेऊन मी सगळे नटबोल्ट धुतले. त्यात पितळेचे बारीक तुकडे होते, ते चिंच आणि मीठ लावून घासले. कार्बोरेटरचे होते ते, मला नंतर समजलं. सोन्यासारखे निघाले. उन्हात वाळवले आणि देवघरातल्या मोठ्या ताटात एकत्र भरले. हे उशिरा आले ते शेडमध्ये न जाता झोपले. तेलानं माखलेले कागद दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याच्या गाडीत दिले. हे उठायच्या आधी सगळं तयार असावं म्हणून शेडमध्ये रांगोळी काढली, केळीचे खुंट बांधले. चाकं खाली नव्हती, म्हणून लिंबं ठोकळ्यांपाशी ठेवली. ताटावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली.

हे आंघोळ करून आले आणि दारातच थांबले.

"कागद कुठं आहेत?"

"खराब झालेले, टाकले."

हे खाली बसले. ताटातला एक बोल्ट घ्यायला हात पुढं केला आणि मागं घेतला. पूजेला मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नसतं. दिवसभर हे त्या ताटापुढं बसून राहिले, हात मांडीवर.

समोरच्या घरातले अण्णा आपल्या रिक्षाची पूजा आटोपून चुरमुऱ्यांचा प्रसाद घेऊन आले. रिक्षा चालवून म्हातारे झाले, तरी जीभ तरुण. ताट बघून कन्नडमध्ये म्हणाले, "काय हो, गाडी नैवेद्याला वाढली की काय? अक्का, स्वल्प तूप सोडा वरून!"

हे हसले नाहीत. अण्णांनी माझ्याकडं बघितलं, परत ताटाकडं बघितलं. त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण प्रसाद ठेवून ते निमूट निघून गेले. तेव्हा कुठं मला कळलं की त्या कागदांवरच सगळी गाडी मांडलेली होती. कुठला बोल्ट कुठून काढला, आधी कुठला, नंतर कुठला. ती मी साबणानं धुतली होती.

दसऱ्याला हे शेडमध्ये गेले नाहीत. त्यानंतरही नाही. पाचव्या दिवशी दुपारी कॉटवर भिंतीकडं तोंड करून झोपले. मला रागाची भीती वाटली नव्हती. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी ते ताट उचललं आणि कॉटवर ह्यांच्या पाठीशी नेऊन ठेवलं. म्हटलं, "ह्यातला कुठला कुठं जातो, ते हाताला समजत नाही का?"

मग भिंतीकडूनच म्हणाले, "पोळीची कणीक तुझ्या हाताला समजते, तसं?"

"तसंच."

"तीनशेच्या वर आहेत."

"मला वेळ आहे."

हे वळले. माझ्याकडं असं बघितलं, जणू ही बाई घरात कधी आली. मग उठून बसले आणि ताटातला एक बोल्ट माझ्या तळहातावर ठेवला. "भोकात ठेवायचा आणि नुसत्या बोटांनी फिरवायचा. तीन फेरे अडल्याशिवाय गेला तर तो त्याचा. अडला की काढायचा. जोर केलास तर बोल्टावरचे आटे मरतात. मेलेले आटे परत येत नाहीत."

त्या दिवसापासून रोज दुपारी आम्ही दोघं शेडमध्ये बसायला लागलो. मी एकेक बोल्ट फिरवून बघायचे. पहिले कित्येक दिवस मला सगळेच अडायचे आणि सगळेच जायचेही, खरं कुठलं ते समजायचं नाही. ह्यांना विचारलं की डोळे मिटून बोटानं चाचपायचे आणि कधी कधी त्यांनाही नक्की सांगता यायचं नाही. "हा बहुतेक," म्हणायचे. आठवणीतली माणसं ओळखावीत तसं. अण्णा दारातून जाता जाता विचारायचे, "अक्का मेकॅनिक, माझी रिक्षा कधी घेताय?" मी पदर तोंडाशी धरायचे.

उन्हाळ्यात इंजिन गाडीत बसलं. तरी सात बोल्ट उरले. ते कुठले हे दोघांनाही सांगता आलं नाही. हे म्हणाले, असू देत.

एका रविवारी ह्यांनी बॅटरी जोडून किल्ली फिरवली. दोनदा काहीच झालं नाही. तिसऱ्या खेपेला गाडी खोकली, गुरगुरली आणि शेडभर धूर झाला. मी दोन्ही कानांवर हात ठेवले. हे काहीतरी ओरडत होते, आनंदानं की घाबरून, ते आवाजात कळलं नाही. तेवढ्यात गाडीखाली तेल टपकताना दिसलं. मी बोट दाखवलं. ह्यांनी गाडी बंद केली आणि वाकून बघितलं.

"हा खालचा बोल्ट कुणी बसवला? तू की मी?"

मी आठवायला लागले. माझे हात आठवले, ह्यांचे आठवले, पण त्या भोकापाशी कुणाचे होते ते आठवेना.

"मला ठाऊक नाही," मी म्हटलं.

"मलाही नाही." ह्यांच्या तोंडाला काळं लागलं होतं, त्यामुळं चिडलेत का हसतायत ते दिसत नव्हतं. "सरी, चालेल. परत उघडू." आणि पाना माझ्यापुढं धरला. "तुझा हात बारीक आहे, तू जा."

मी पदर खोचला आणि पोतं अंथरून गाडीखाली गेले. खाली उताणं पडल्यावर उजवं कुठलं आणि डावं कुठलं, माझा गोंधळ झाला. बोल्ट सैल करायला कुठल्या बाजूला फिरवायचं, ते खालूनच विचारलं.

"फिरवून बघ," वरून आवाज आला. "अडला तर थांब."

मी फिरवला.