कुरतडलेली कडी

चकतीमावशीला दगड घासताना ज्यानं पाहिलं नाही, त्यानं चिकाटीच्या गप्पा मारूच नयेत! दगडाचा तुकडा काचेवर चिकटवायचा आणि घासत राहायचं. किती? तर त्याची कागदाहून पातळ चकती होऊन तिच्यातून उजेड आरपार जाईपर्यंत. जरा जास्त घासला की तुकडाच गायब! सव्वीस वर्षं बाई हेच करत होती. शिक्षण आठवीपर्यंत, पण खाणी शोधणाऱ्या त्या कंपनीतले भलेभले पदवीवाले तिच्या चकत्यांवाचून आंधळे. "मावशीचा हात चुकत नाही," असं सगळे म्हणायचे, आणि खरं सांगायचं तर मावशीला ते ऐकायला फार आवडायचं.

तिथल्या तरुण भूशास्त्रज्ञ मॅडमनी तिला मायक्रोस्कोपमधून बघायला शिकवलं होतं. "हे स्फटिक बघा मावशी, वितळलेल्या दगडात कांद्यासारखे थरावर थर वाढलेत. कडी सरळ असली तर दगड निवांत थंड झाला. पण आतलं कडं कुरतडलेलं आणि त्यावर नवं कडं चढलेलं दिसलं, तर समजायचं की खालून पुन्हा ताजा तप्त रस घुसला होता. इथलं तांबं असलं तर त्याच रसाच्या वाटेवर."

"अगं बाई! म्हणजे दगडसुद्धा आपली दुखणी लिहून ठेवतो!" मावशी म्हणाली. त्या दिवसापासून तिला कड्यांचं वेडच लागलं.

इकडे ड्रिल सहाशे मीटर खाली गेलं तरी तांब्याचा पत्ता नव्हता. कंपनीच्या साहेबांनी सांगून टाकलं, शनिवारी मशीन हलवायचं. मॅडमची दोन वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती. उरली होती शेवटची पेटी. ड्रिलमधून निघालेल्या दगडाच्या लांब कांड्या खोलीप्रमाणे ओळीनं, वरची आधी, पेटीत लावतात, त्यातल्याच तुकड्यांच्या चकत्या मावशीनं घासल्या. मॅडमनी पाहिलं तर काय, पहिल्या कांडीत कुरतडलेली कडीच कडी! मग कमी, मग आणखी कमी, शेवटी सगळं साफ.

"रस वरच संपला. खाली काही नाही, आवरा आता," साहेब म्हणाले. मॅडमचे डोळे भरून आले. मावशीला ते बघवेना.

पण तिच्या मनातून एक गोष्ट जाईना. आधीच्या पेटीचा शेवट अगदी साफ, आणि लगेच पुढच्या कांडीत एवढा धुमाकूळ? घोडं कुठंतरी पेंड खातंय! ती तडक कांड्यांच्या शेडमध्ये गेली. प्रत्येक कांडीवर ड्रिलपाशीच दोन रेघा मारतात. वरचं टोक वर धरलं की तांबडी उजवीकडे, निळी डावीकडे. मावशीनं शेवटच्या पेटीतली पहिली कांडी, पेटीत वर असलेलं टोक वर धरून, उचलली. तांबडी डावीकडे! दुसरी उचलली, तीही तशीच. अख्खी पेटी उलटी लागली होती.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. कारण या कांड्या आल्या त्या दिवशी शेडवाला तापानं पडला होता आणि "मला काय शिकवता!" म्हणत ती पेटी मावशीनंच लावली होती.

मन म्हणालं, गप्प बस, झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या मशीन जाईल, कुणाला कळणारसुद्धा नाही. मावशी मनाला म्हणाली, "मेल्या, तूच गप्प बस!" आणि दुखरे गुडघे घेऊन पळत सुटली.

साहेबांच्या मीटिंगच्या खोलीचं दार धाडकन उघडून ती ओरडली, "साहेब, पेटी मी उलटी लावली! कुरतडलेली कडी वर नाहीत, तळाला आहेत. जितकं खाली जावं तितकी वाढतायत!"

"मावशी, तुम्ही?" साहेबांचा विश्वासच बसेना.

"हो, मीच! मला नंतर रागवा, आधी मशीन हलवायचं थांबवा!"

मॅडम तेवढ्यात शेडकडे धावल्यासुद्धा.

मशीन जागेवरच राहिलं, ड्रिल पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या दिवशी, अडतीस मीटर आणखी खाली, कांडी वर आली ती पिवळ्या चमचमत्या शिरांनी भरलेली. तांब्याचं खनिज! काय तो गलका! मॅडमनी मावशीला मिठी मारून गरागरा फिरवलं, आणि मावशी हसता हसता रडायला लागली.

संध्याकाळी साहेब अहवाल लिहायला बसले. "उलट्या पेटीचं राहू दे, मावशी. सव्वीस वर्षांच्या नावाला कशाला बट्टा?"

"लिहा," मावशी म्हणाली. "कुणी लावली तेही लिहा. पुढं कुणाचा हात चुकला तर त्यानं लपवत बसू नये."

साहेबांनी लिहिलं. मावशीनं ते वाक्य दोनदा वाचलं आणि त्याच्याखाली ठसठशीत सही केली.