दारात अ‍ॅम्ब्युलन्स

आमची गोटी अ‍ॅम्ब्युलन्स चालवते. माझ्या थोरल्या लेकीची लेक. उंची बेताचीच, म्हणून सीटवर उशी घेऊन बसते. पण एकदा स्टिअरिंग हातात आलं की भलेभले ट्रकवाले तिला वाट देतात.

तिला नोकरी लागली ती आमच्या खेड्यापासून दोन बस बदलून जावं लागतं अशा गावात. गाव लहानच, पण दवाखाना मोठा. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "फोन आला की लगेच गाडी निघाली पाहिजे. एक तारखेच्या आत इथे खोली बघ, नाहीतर मला दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

खोली बघ म्हणणं सोपं. जवळ कारखाना निघाल्यापासून तिथल्या घरमालकांना शिंगं फुटली होती. बरी खोली म्हटली की गोटीचा निम्म्याहून जास्त पगार. परवडणारी एक दिसली, ती गोठ्याला चिकटून. गोटी म्हणाली, "आजी, तिथलं भाडं म्हशीनेच भरायला हवं. मोठी खोली तिच्याकडे आहे." बाकीच्यांची कारणं ठरलेली. एकटी मुलगी, वेळी-अवेळी येणार-जाणार. एका बाईंनी तर हातच जोडले, "दारात अ‍ॅम्ब्युलन्स नको गं बाई, अपशकुन वाटतो." आणि निरोप देताना सगळ्यांचं एकच पालुपद, "घरातलं मोठं माणूस घेऊन या."

म्हणून मी गेले. शिक्षण दुसरी नापास, पण वयाने मोठी आहे. खोली बघायला तेवढं पुरतं.

दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत घड्याळवाल्यांचं घर होतं. एकटेच राहायचे. दुकान कधीच बंद केलेलं, तोंड मात्र चालू. गोटी कामावर होती, त्यामुळे गाडी बरोबर ठेवणं भाग होतं. तिने ती त्यांच्या दाराशी लावली आणि आम्ही आत गेलो.

"वरच्या दोन खोल्या आहेत," ते जिना चढता चढता म्हणाले. "भाडं ऐकून चक्कर येईल, कठडा धरा."

आकडा ऐकला आणि खरंच आली. खोल्या मात्र छान. मोरी स्वच्छ, ओट्याला ऊन, आणि खिडकीतून दवाखान्याचं फाटक दिसत होतं. गोटी खिडकीशी गेली ती तिथेच खिळली. पोरीला घर आवडलं की तिचा चेहरा लपत नाही, आणि मालकासमोर तो लपवायचा असतो. मी तिला चिमटा काढला.

एवढ्यात खालून कुजबुज ऐकू आली. बघते तर अंगणात पंधरावीस माणसं, सगळ्यांचे चेहरे पडलेले.

"काल तर दूध घ्यायला आले होते हो."

"खडूस होते, पण माझ्या लेकाचं घड्याळ दुरुस्त केलं तर पैसे घेतले नाहीत."

"माझं तीन वेळा केलं. तरी मागेच पडतं."

समोरची इस्त्रीवाली पदर तोंडाला लावून रडत होती. "सांडपाण्यावरून सात वर्षं बोलले नाही हो मी. आता कुणाशी भांडू?"

मला उलगडा झाला. गल्लीने अ‍ॅम्ब्युलन्स पाहिली आणि म्हाताऱ्याला पोचवून मोकळी झाली! मी हाक मारणार, तोच घड्याळवाल्यांनी ओठांवर बोट ठेवलं. पडद्याआड उभे राहून कान टवकारून ऐकत होते. स्वतःचं कौतुक ऐकायला एवढी आयती संधी कुणाला मिळते?

मग त्यांचा पुतण्या आला. आल्या आल्या फोन लावला, "हो, काका गेले. वरच्या खोल्या रिकाम्याच आहेत. टेम्पो सांगून ठेव, आपलं सामान तिथे टाकू."

म्हाताऱ्याने पडदा सरकवला. "टेम्पो रद्द कर रे! मला अजून वेळ आहे!"

खाली एकच गलका. पुतण्याच्या हातून फोन पडला. इस्त्रीवाली आधी दचकली, मग डोळे पुसून कडाडली, "जिवंत आहात तर आधी ते सांडपाणी बंद करा!"

घड्याळवाले मागे वळले. हसू दाबत होते की दुसरं काही, मला कळलं नाही. गोटीला म्हणाले, "त्याचं सामान यायच्या आत तुझं आण."

"आजोबा, एवढं भाडं मला झेपणार नाही," गोटी म्हणाली. "झेपेल असं खोटं सांगून मी राहायला येणार नाही."

"मग किती झेपतं?"

ती सांगणार इतक्यात तिचा फोन वाजला. कुणाला तरी दम लागला होता. "आजी, तू बघ," म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या उतरत गेली. अंगणातली माणसं बाजूला झाली. गाडी गेली.

आता मी आणि ते. मी गोटीला झेपणारा आकडा सांगितला. ते म्हणाले, "एवढ्यात तर मोरी मिळते."

"मग मोरी द्या. खोल्या वरून फुकट द्या."

"तुम्ही भाजी मंडईत होतात काय?"

"होते ना. चाळीस वर्षं."

घासाघीस बरीच झाली. मी थोडी चढले, ते पुष्कळ उतरले. अनामत दोन हप्त्यांत द्यायची ठरली. गाडी मात्र दाराशी नको, कोपऱ्यावर लावायची. "दर आठवड्याला एवढ्या लोकांना चहा पाजणं मला परवडणार नाही," ते म्हणाले.

किल्ली कमरेला खोचून मी कोपऱ्यातला झाडू उचलला. गोटी दमून येईल तेव्हा टेकायला जागा तरी झाडलेली असावी, म्हटलं.